बांधावरच्या भिंती

हंबीरराव इंगवले यांच्या घराच्या गच्चीवरून एक रुग्णालय दिसते. घर आणि रुग्णालयाची मागची भिंत यांच्यात सरळ रेषेत दोनशे मीटर अंतर आहे. वारा पूर्वेचा असला की तिथल्या जनरेटरची घरघर स्वयंपाकघरात ऐकू येते. घराच्या फाटकातून मोटारीने निघून त्याच रुग्णालयाच्या, पलीकडच्या रस्त्यावरच्या दारात पोहोचायला मात्र साडेचार किलोमीटर जावे लागते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावे लागते. तिथे कोणतीही दोन घरे निवडली, तरी सरळ अंतराच्या दीडपटीहून अधिक चालावे लागत नाही. हंबीररावांच्या वसाहतीतला रस्ता तीस फुटी आहे.

ही मापे संयोगिताने घेतली होती. ती हंबीररावांची सून. शहरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. शिवाजी पेठ तिचे माहेर होते, उचगावच्या पलीकडची ही नवी वसाहत तिचे सासर. दोन्हीकडे तिने आपल्याच विद्यार्थ्यांकडून अंतरे मोजून घेतली होती. माप हाती आल्यावर तिने कारण विचारायला सुरुवात केली, आणि कारणांना तोटा नव्हता. नवरा आदर्श म्हणाला, वाढत्या शहराचे असेच असते. वसाहतीच्या अध्यक्षांनी वास्तुशास्त्र काढले. शेजारच्या वसाहतीत राहणारा चुलत दीर उदयसिंह, हंबीररावांच्या थोरल्या भावाचा, तात्यांचा मुलगा, चोरांकडे बोट दाखवायचा. संयोगिताचा स्वतःचा संशय असा होता, की प्लॉट पाडणाऱ्या कोणी तरी शेजारच्याची किंमत पडावी म्हणून मुद्दाम वाटा बंद केल्या असाव्यात. या संशयाला तिच्यापाशी पुरावा नव्हता, आणि ती गोष्ट तिला स्वतःलाच खटकत होती. तिथे ओढ्याकडे उतरणाऱ्या लांबट वसाहती चार होत्या, हंबीररावांच्या एका बाजूला एक आणि रुग्णालयाच्या बाजूला दोन, आणि प्रत्येकीला रीतसर मंजुरी होती. एकेक वसाहत नियमात बसत होती. चौघी मिळून जे झाले होते, त्याबद्दल नियम काहीच म्हणत नव्हता.

गणपतीच्या दिवसांत आपली आणि उदयसिंहची अशा दोन्ही वसाहतींची एकत्र बैठक झाली, तेव्हा तिने एक साधी सूचना मांडली होती : मधल्या भिंतीत एक दार असावे, स्ट्रेचर जाईल एवढे; पुढच्या भिंतींचे पुढे बघता येईल. आबांना, म्हणजे हंबीररावांना, रक्तदाबाचा त्रास आहे. उद्या वेळ आली तर हातावर मोजण्याइतकी मिनिटे असतील.

"आज दार मागताय, वहिनी," उदयसिंह सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "उद्या हितनं रिक्षाचं स्टँड मागशीला."

लोक हसले. संयोगिताने आबांकडे पाहिले. ज्यांच्यासाठी दार मागितले होते, ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "भिंत हाय तशी राहूदे." विषय तिथेच मिटला. घरी येताना तिने कारण विचारले, तर आबांनी पावसाचे बोलणे काढले.

त्यानंतर उसाचा गळीत हंगाम सुरू झाला.

सगळी जमीन प्लॉटसाठी विकली, तरी आबांनी ओढ्याकडच्या टोकाला उसाचा एक तुकडा राखला होता. संध्याकाळी तिथून म्हशीसाठी वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणणे हा त्यांचा नेम. त्या दिवशी ते रिकाम्या हातांनी परतले. ऊन अजून भिंतींच्या माथ्यावर होते.

"संयोगिता, जरा भायेर ये."

आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. म्हणूनच तिने परातीतली कणीक तशीच सोडली.

आबा पायरीवर बसले होते. उजव्या घोट्याच्या वर दोन ठिपके होते, आणि त्यांच्याभोवतीची कातडी फुगून चकाकू लागली होती.

"घोणस," ते म्हणाले. "वाड्याचा बिंडा उचलला, त्याच्याखाली. शिट्टी मारत हुती गं. मला वाटलं, पंपाचा व्हॉल्व गळतोय."

"पाहिलीत नक्की?"

"पाठीवर साखळी. लपंल व्हय?" आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून गुडघ्याखाली आवळायला घेतला.

तिने त्यांचा हात धरला. "बांधायचं नाही, आबा. पायही हलवायचा नाही."

"आमच्यात आजवर समद्यांनी बांधलंय की."

"किती वाचले?"

आबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "निम्मं."

"निम्मे न बांधताही वाचले असते. दर चाव्यात विष उतरतंच असं नाही."

"मग माझ्यात न्हाईच उतारलं म्हण की."

सूज घोट्यावरून पोटरीकडे सरकत होती. अंगणातले उसाचे दोन दांडे तिने पायाच्या दोन्ही बाजूंना लावले, ओढणीने सैल बांधले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी निघाली होती, पण उचगावच्या पुलाखाली उसाच्या ट्रॉल्यांत अडकली होती. फोनवरच्या मुलीने तिला शांत राहायला सांगितले. संयोगिता शांतच होती. आदर्श गोकुळ शिरगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. त्याला फोन करण्यात वेळ न घालवता तिने गल्लीतल्या दोघांच्या मदतीने आबांना मोटारीत आडवे केले.

वसाहतीचा तीस फुटी रस्ता सरळ चढत मोठ्या रस्त्याला मिळतो. त्याला दुसरे तोंड नाही. त्या तोंडाशी पोहोचल्यावर तिला ट्रॉली दिसली. एक्सल तुटून ती कुशीवर पडली होती, ऊस रस्ताभर पसरला होता, आणि तिच्यामागे दिसेल तिथवर ट्रॅक्टरांची रांग होती. दोन चालक खाली उतरून एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत होते. दुचाकीलाही जागा नव्हती.

"मागं फिरव," मागच्या सीटवरून आबा म्हणाले. "ओढ्याकडनं जाऊ. काठाकाठानं तात्याच्या रानात निघतोय की आपण. तितनं धाकट्याच्या रानात, आन् फुडं दवाखाना."

"मोटार जाते तिथून?"

"भरल्या गाड्या जायच्या. जन्म गेला माझा हितं."

विचार करायला तिला वेळ नव्हता, आणि आवाजात इतकी खात्री होती की तिने मोटार वळवली. रस्ता उताराला लागला. घरे संपली, नळाचे पाइप रचलेला शेवटचा प्लॉट मागे पडला, आणि समोर भिंत आली. भिंतीपलीकडे ओढा काँक्रीटच्या खोल नाल्यातून वाहत होता. नाल्याच्या काठाला पाऊल ठेवण्यापुरतीही जागा नव्हती.

आबा कोपरावर उठून बघत राहिले.

"हितं वाट हुती," ते म्हणाले.

"कधी होती, आबा?"

ते परत आडवे झाले. "बैलं हुती तवर."

गेली कित्येक वर्षे ते रोज संध्याकाळी या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर येत होते. वाडे घेऊन परतत होते. आणि तरीही त्यांच्या डोक्यात ती गाडीवाट या क्षणापर्यंत चालू होती. संयोगिताला राग आला तो त्यांचा नव्हे, स्वतःचा. स्वतः घेतलेली मापे हातात असताना तिने आठवणीवर मोटार हाकली होती.

ती उलट फिरली आणि घराजवळ, जिथे उदयसिंहच्या घराची मागची बाजू भिंतीला सर्वांत जवळ येते, तिथे थांबली. हॉर्नवर तळहात दाबून धरला.

पलीकडच्या गच्चीवर उदयसिंह दिसला. अंगात बनियन, हातात झाडांना पाणी घालायची नळी.

"काय वहिनी? परत दार पायजे व्हय?"

"भावजी, आबांना घोणस चावली. रस्ता बंद आहे."

नळी त्याच्या हातातून सुटली. पाणी गच्चीवरून भिंतीवर पडू लागले, आणि ते बंद करायला कोणी थांबले नाही. पुढच्या क्षणी भिंतीपलीकडे त्याचा आवाज आला. तो गल्लीतल्या माणसांना नावाने हाका मारत होता. मग भिंतीवर धाडकन घाव बसला. सिमेंटचा पोपडा अलीकडे उडाला.

"उदय्या!" आबांचा आवाज मोटारीतून आला. एवढा मोठा आवाज त्यांच्यात अजून उरला असेल असे तिला वाटले नव्हते. "काय करतोयस?"

"पहार घातलीया, आबा. दोन मिन्टात भगदाड पाडतो."

"पहार ठेव खाली."

"आबा, येळ न्हाय—"

"वरनं न्या मला. बांधाला लोखंड लावायचं न्हाय. तुझ्या बाचा शब्द हाय. माझाबी."

संयोगिता मोटारीच्या उघड्या दारात वाकली.

"आबा, ही भिंत आहे. बांध नाही."

"भिंत कशावर हाय?"

तिला ओरडावेसे वाटले. ज्या माणसाच्या रक्तात विष भिनत होते, तो कोणत्या तरी जुन्या शब्दापायी आपली सुटका उंचीवरून करायला सांगत होता. पण वाद घालायला जितका वेळ लागेल, तितक्यात माणूस उचलून होतो, एवढे गणित तिला जमत होते. आणि पलीकडे, तिला धक्का बसेल अशा रीतीने, उदयसिंहने पहार खरेच खाली ठेवल्याचा आवाज आला.

"गादी टाका वर," तो कोणाला तरी म्हणाला. "काचा हाईत."

काचा त्यानेच बसवल्या होत्या, चोरांसाठी. भिंतीवर दुहेरी गादी पडली. अलीकडून गल्लीतल्या चौघांनी आबांना घडीच्या पलंगावर ओढण्या-पंच्यांनी बांधून घेतले आणि पलंग खांद्यापर्यंत चढवला. पलीकडच्यांनी शिडीवरून तो ओढून घेतला. मधे एकदा पलंग गादीवर तिरका झाला आणि आबांचे सगळे वजन संयोगिताने धरलेल्या बाजूवर आले. पाय खालीच राहिला पाहिजे, हलता कामा नये, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मग ती स्वतः भिंतीवर चढली, आणि गादीतून निघालेल्या एका काचेने तिच्या तळहाताला चीर पाडली.

पलीकडे उतरताच तिला दिसले, की हा रस्ता आपल्यासारखाच आहे : वसाहतीच्या मधोमध, वर मोठ्या रस्त्यापासून खाली ओढ्यापर्यंत सरळ, दुसरे तोंड नसलेला. त्या वेळी तिने हे फक्त पाहिले. अर्थ लावण्याचे ते ठिकाण नव्हते.

दुसऱ्या भिंतीपाशी पलीकडून शिडी आधीच लागली होती. हाकाटी तिकडे पोहोचली होती. या तिसऱ्या वसाहतीत बाळाप्पा राहायचा, निपाणीकडचा, गावात लोखंडी सामानाचे दुकान असलेला. तो आणि त्याची दोन माणसे भिंतीवर बसून होती. खाली त्याची बायको गौराबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"पाणी नको, अक्का," संयोगिता वरूनच म्हणाली. "काहीच नको तोंडाने."

गौराबाईने तांब्या बाजूला ठेवला आणि पलंग उतरताच आबांचे डोके दोन्ही हातांत धरले. "यप्पा, माझ्या बापा, डोळे मिटायचे न्हाईत. माझ्याकडं बघायचं."

"तुमच्याकडं बघितलं," आबा म्हणाले, "तर बाळाप्पा दुसऱ्यांदा चावंल."

"चावतो की," बाळाप्पा पलंगाची बाजू खांद्यावर घेत म्हणाला. "माझं बिनविषारी हाय. चला."

आबा हसले. गल्लीतला दिवा नुकताच लागला होता, आणि त्या उजेडात संयोगिताला त्यांचे दात दिसले. प्रत्येक दाताच्या मुळाशी बारीक लाल रेघ होती.

कोणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "पळा."

तिसरी भिंत रुग्णालयाची होती, सगळ्यांत उंच. बाळाप्पा शिडीवर चढला. पलीकडे कचऱ्याच्या डब्यांजवळ एक रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"ओ पावणं, हिकडनं एंट्री न्हाय. मेन गेटनं या."

"मेन गेट चार किलोमीटर हाय, बाबा. तवर ह्यांचा श्वास तू घेणार काय?"

"मला आर्डर हाय. मागनं कोण येऊ द्यायचं न्हाय."

संयोगिता शेजारी टेकवलेल्या दुसऱ्या शिडीने वर चढून, डोके वर काढून बोलली. "माणसाला घोणस चावली आहे. हिरड्यांतून रक्त येतंय. आत घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांना एवढंच सांगा : घोणस, आणि हिरड्यांतून रक्त. जा."

तो उठला, पण जागेवरच घुटमळला. नोकरी आणि माणूस यांतले काय आधी, हे तो ठरवत होता. संयोगिताने जखमी तळहात भिंतीच्या माथ्यावर टेकला होता; तिथला रक्ताचा डाग त्याला दिसला, आणि तो पळत सुटला. थोड्या वेळाने पांढऱ्या कोटातली एक तरुणी स्ट्रेचरच्या पुढे धावत आली. डॉक्टर अनुजा, असे तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिले होते. तिने भिंतीकडे बोट करून रखवालदाराला एकच वाक्य सुनावले : "उभा काय राहिलास, खालून धर."

आत अनुजाने आबांचे थोडे रक्त काचेच्या एका कोरड्या नळीत घेतले आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली.

"वीस मिनिटं हिला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "रक्त निरोगी असेल तर गोठेल. नाही तर—"

"वाहील," संयोगिता म्हणाली.

उदयसिंह दाराशी उभा होता, बनियनवरच, पायात चप्पल नाही. त्याला नळीचे काही कळत नव्हते, पण सगळ्यांची नजर तिच्यावर आहे हे कळत होते. बराच वेळ गेल्यावर तो हळूच म्हणाला, "वहिनी, दार पाडू दिलं असतं मी त्या दिशी. मीबी शब्दात अडकलोय, म्हणून चोरांची थाप मारली."

"कोणत्या शब्दात?"

त्याने आबांच्या खाटेकडे मान हलवली. "त्यास्नी इचारा. मला निम्मंच म्हायती हाय."

वेळ झाल्यावर अनुजाने नळी उचलून तिरकी केली. रक्त पाण्यासारखे काठापर्यंत सरकले. तिने परिचारिकेला प्रतिविषाच्या कुप्या आणायला सांगितल्या, आणि सगळ्या एकदमच. औषध चढू लागल्यावर आबांना हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब घसरला, पुन्हा वर आला. आदर्श कारखान्यातून ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढत येऊन पोहोचला, तेव्हा संयोगिता तळहाताला टाके घालून घेत होती.

सकाळी दुसरी नळी तिरकी केली. रक्त जागचे हलले नाही.

पाचव्या मजल्यावरच्या खोलीत आबांना हलवल्यानंतर संयोगिता प्रथमच खिडकीपाशी उभी राहिली. खाली आपले घर, उदयसिंहचे घर, बाळाप्पाची गच्ची, आणि त्या सगळ्यांमधून वरून खाली गेलेले एकमेकांना समांतर रस्ते, एखाद्या फणीच्या दातांसारखे. रस्ते अरुंद नव्हते, मोडके नव्हते. फक्त एकही रस्ता दुसऱ्याला भेटत नव्हता.

उदयसिंह डबा घेऊन आला होता. आबांना भाकरी खायची परवानगी नव्हती, म्हणून ते डब्याकडे बघून तोंड वाकडे करत होते.

"आबा," ती म्हणाली, "बांधाला लोखंड लावायचं नाही, हा शब्द कोणी कोणाला दिला?"

"आमी चौघांनी. वाटणी झाली तवा. तात्या, मी, धाकटं दोघं. ओढ्यात उभं ऱ्हाऊन."

"का?"

शिकल्यासवरल्या बाईला एवढेही कळू नये, अशा नजरेने आबांनी तिच्याकडे पाहिले. "बांध कोरण्यावरनं किती भाऊ कोर्टात म्हातारं झालं, तुला ठावं हाय? दर नांगरटीला नांगराचं एक तास, एक रेघ, भावाच्या अंगाला सरकवायचं. वर्साला एक वीत. आमच्यात कोर्टाची पायरी कोण चढलं न्हाय. बांध हाय तितंच हाय. रान इकतानाबी मी तेच सांगितलं हुतं, भिंत घाला, खुशाल घाला, पर बांधाच्या वर. बांध फोडायचा न्हाय."

"आमच्या बानंबी तीच अट घातली हुती," उदयसिंह म्हणाला. "आन् धाकट्या काकांनी."

"वाटणी उभी का केलीत? ओढ्यापासून रस्त्यापर्यंत एवढ्या लांब आणि अरुंद पट्ट्या का? चार चौकोन का नाही केलेत?"

"चौकोन केल्यावर खालच्या दोघांस्नी काळं रान, वरच्या दोघांस्नी नुस्ता मुरूम. खालचं उसावर बंगलं बांधणार आन् वरचं कुसळं उपटणार. ह्यात न्याय कुठला? उभं चिरलं, की प्रत्येकाला थोडं काळं, थोडा मुरूम, ओढ्याचं पाणी, आन् डोक्याशी रस्ता. दोरी मीच धरली हुती." अभिमान त्यांच्या आवाजात स्पष्ट होता. "कुणाला कुणाच्या रानातनं जायला लागू ने, म्हणून."

संयोगिताने विचारले, "तुमची दुसरी जमीन होती ना, माळावर? ती कशी वाटली?"

"ती समदी सारखीच. मुरूमच मुरूम. ती चौकोनी वाटली. मागच्या दोघांस्नी मधनं वाट द्यायला लागली, आडवी-उभी."

"तिथे आता काय आहे?"

"प्लॉटच की."

"मी सांगते," ती म्हणाली, "तिथले रस्ते एकमेकांना मिळत असतील. मी ती जागा पाहिलेली नाही, हे लक्षात ठेवा."

"गेलतो मी तिकडं," उदयसिंह म्हणाला, पण तिने हात वर करून त्याला थांबवले. ऐकीव तिला नको होते. त्याच दुपारी ती स्कूटरवर माळावर गेली. आबांच्या चार चौकोनांवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत ती एका टोकाने शिरली आणि तीन वेगवेगळ्या टोकांनी बाहेर पडली; जुन्या आडव्या-उभ्या वाटांवर डांबर पडले होते. परतताना तिने ओढ्याकाठच्या आणखी दोन घराण्यांच्या जमिनी पाहिल्या. दोन्ही उभ्या चिरलेल्या होत्या आणि दोन्हींत रस्त्यांना एकेकच तोंड होते. एवढ्यावरून सगळ्या शहराविषयी बोलणे तिने टाळले असते. पण आधी सांगितलेले नंतर खरे ठरले होते, आणि तिच्या जुन्या संशयाला एवढे कधीच जमले नव्हते.

संध्याकाळी तिने आबांना सगळे सांगितले. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवले.

"म्हंजे माझी वाटणी चुकली?"

"वाटणी बरोबर होती, आबा. शेतासाठी."

"बांध फोडायचा म्हटलं, तर मी एकटा न्हाय सोडू शकत तो शब्द." त्यांनी उदयसिंहकडे पाहिले. "तात्या आता हयात न्हाय. धाकट्यातला एक न्हाय. त्यांची पोरं बोलव. ओढ्यापाशी बोलव."

"ओढा आता काँक्रीटचा हाय, आबा."

"मग काँक्रीटवर उभं ऱ्हावा."

पोरे जमली, कोणी खळखळ केली नाही, आणि शब्द सोडला गेला. पहिली पहार आबांनी टेकवली. बाकीचे काम उदयसिंहने केले. भिंतीत दार पाडायच्या आदल्या संध्याकाळी संयोगिताने वसाहतीच्या बैठकीत कारण सांगितले. वास्तू, चोर आणि स्वतःचा संशय या तिन्हींना तिने त्यात जागा दिली नाही. ती जे बोलली ते एवढेच :

जमीन ओढ्याकडे काळी आणि मोठ्या रस्त्याकडे मुरमाड होती. चौघा भावांना दोन्हींचा सारखा वाटा मिळावा म्हणून ती उभी चिरली गेली. प्रत्येकाच्या डोक्याशी रस्ता आल्यामुळे कोणालाही दुसऱ्याच्या रानातून वाट मागावी लागली नाही, म्हणून वाट ठेवली गेली नाही. भांडण होऊ नये म्हणून बांध न फोडण्याचा शब्द दिला गेला. पट्ट्या वेगवेगळ्या वेळी विकल्या गेल्या. दोन्ही बाजूंना प्लॉट पडावेत म्हणून घेणाऱ्या प्रत्येकाने रस्ता आपल्या पट्टीच्या मधोमध घातला, आणि अटीप्रमाणे बांधावर भिंत बांधली. ओढ्याकाठची गाडीवाट कोणाच्याच पट्टीत नव्हती, म्हणून ती कोणाच्याच आराखड्यात आली नाही. रुग्णालय दोनशे मीटरवर असून साडेचार किलोमीटर दूर आहे, ते यामुळे.